मेंदूला मार लागल्यावर मोबाइलवरचा खेळ औषध ठरतो का?

दुचाकीच्या अपघातातून जीव वाचतो, टाके निघतात. पण लक्ष लागत नाही, हात थरथरतो, राग आवरत नाही. अशा रुग्णांसाठी व्हिडीओ गेम हा उपचार म्हणून पुढे येतो आहे. ईटसारख्या गावातल्या कुटुंबाने त्यावर किती भिस्त ठेवायची?

भूम तालुक्यातल्या ईटहून डोक्याला मार लागलेला रुग्ण निघाला की त्याचा पुढचा रस्ता बहुतेक ठरलेला असतो. १०८ला फोन, जवळचे सरकारी रुग्णालय, तिथून बार्शी, सोलापूर, अहिल्यानगर किंवा थेट पुणे. सीटी स्कॅन, गरज पडली तर कवटी उघडून रक्ताची गाठ काढणे, काही दिवस आयसीयू. नातेवाईक पैशांची जुळवाजुळव करतात, कुणी जनावर विकतो, कुणी उचल घेतो. मग डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची पिशवी आणि 'महिन्याने दाखवायला या'. इथपर्यंतचा प्रवास गावोगावी माहीत आहे. त्यापुढचा माहीत नाही, कारण पुढे रस्ताच बांधलेला नाही.

घरी आलेला तरुण दिसायला ठणठणीत असतो. डोक्यावर केस वाढले की टाक्यांचे व्रणही झाकले जातात. पण पाण्याची मोटर चालू करून तो विसरतो. डेअरीवर दूध घालून येतो आणि किती लिटर भरले ते सांगता येत नाही. चार माणसे एकदम बोलू लागली की उठून जातो, नाहीतर भांडतो. पहिले काही आठवडे सगळे सांभाळून घेतात. मग 'आता बरा झालाय की, कामाला का जात नाही?' हे सुरू होते आणि त्यापाठोपाठ 'डोक्यावर परिणाम झालाय' हा शिक्का बसतो. मोडलेला पाय प्लास्टरमध्ये दिसतो, म्हणून त्याला सवलत मिळते. मेंदूची इजा दिसत नाही, म्हणून तिला मिळत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. महाराष्ट्रातील मृतांचा आकडा होता १५ हजार २२४. देशभरातल्या मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसल्याने दगावलेल्या ५० हजार २९ जणांपैकी १४ हजार ३३७ जण मागे बसलेले होते. आपल्याकडे मागे बसणाऱ्याने हेल्मेट घालायचे असते हेच अनेकांना पटलेले नाही. मृतांचा हिशेब असा बारकाईने होतो. जखमींपैकी किती जणांची आठवण, लक्ष किंवा स्वभाव कायमचा बदलला, याचा रकाना त्या हिशेबात नाही. व्हिडीओ गेमची चर्चा या मोकळ्या रकान्यातून सुरू होते.

खेळाचा आणि मेंदूचा संबंध काय?

डोके जोरात आदळते तेव्हा कवटीच्या आत मेंदू हलतो, पुढच्या आणि बाजूच्या हाडांच्या कडांवर आपटतो आणि त्यातले बारीक मज्जातंतू ताणले जातात. त्यामुळे कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग वारंवार दुखावतो. लक्ष टिकवणे, कामाची आखणी करणे, राग रोखणे, नवे लक्षात ठेवणे ही कामे प्रामुख्याने याच भागांची. सीटी स्कॅनवर ताणलेले तंतू बऱ्याचदा दिसत नाहीत. 'स्कॅन नॉर्मल आहे' आणि 'माणूस पूर्वीसारखा नाही' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्या अशा.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशी नवी जोडणी करू शकतात. पुरात मुख्य रस्ता वाहून गेला तर गाव पाणंदीने जाऊ लागते आणि वहिवाट वाढली की पाणंदीचा रस्ता होतो, तसेच हे. अट एकच, वहिवाट हवी. तीच हालचाल, तेच लक्ष देण्याचे काम शेकडो, हजारो वेळा करावे लागते; दर वेळी थोडे अवघड करावे लागते आणि बरोबर आले की चुकले हे लगेच कळावे लागते. पुनर्वसनाचे सगळे शास्त्र जवळपास एवढ्यावर उभे आहे. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो, नंतर मंदावतो, पण थांबत नाही.

अडचण अशी की हजार वेळा तेच करणे कमालीचे कंटाळवाणे असते. मेंदूला मार लागलेल्या माणसाची उमेदही त्याच माराने गेलेली असते. इथे खेळ कामाला येतो. गुण मिळतात, पुढची पातळी उघडते, चूक लगेच कळते आणि माणूस दहा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटे बसतो. ही कल्पना नवी नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच अमेरिकेत पालो आल्टो इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात विल्यम लिंच या मानसशास्त्रज्ञाने घरगुती व्हिडीओ गेम मेंदूच्या इजेच्या रुग्णांसाठी वापरून पाहिले होते. २००६ मध्ये निन्टेन्डोचे 'वी' हे यंत्र आले, २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचे 'किनेक्ट'. पहिल्यात हातातले रिमोट हलवून खेळायचे, दुसऱ्यात कॅमेऱ्यासमोर नुसते हातपाय हलवायचे. टेनिसचा चेंडू मारता मारता खांद्याचा व्यायाम होतो, हे पाहून जगभरच्या फिजिओथेरपी विभागांनी ही यंत्रे विकत घेतली. आता त्यांची जागा डोळ्यांवर लावायच्या व्हीआर चष्म्यांनी घेतली आहे आणि मोबाइलवर 'मेंदूचा व्यायाम' म्हणून शेकडो अ‍ॅप आहेत.

मग पुरावा काय सांगतो?

या प्रश्नावरचा सर्वात बोलका अभ्यास पक्षाघाताच्या रुग्णांवर झाला आहे. मेंदूच्या अपघाती इजेवरचे प्रयोग तुलनेने छोटे आहेत. पण हाताची हालचाल परत मिळवण्याचे तत्त्व दोन्हीकडे सारखे असल्याने तो इथेही उपयोगी पडतो. २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांतले १४१ रुग्ण होते. नेहमीचे उपचार सगळ्यांना मिळालेच. त्याशिवाय निम्म्यांना दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रे 'वी'वर खेळायला दिली. उरलेल्यांना तेवढाच वेळ पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळे रचण्याचा खेळ, चेंडू असले साधे खेळ दिले. हात सुधारला दोन्ही गटांचा. कुठला गट पुढे गेला? कुठलाच नाही.

बातम्यांत हा निकाल 'व्हिडीओ गेम निरुपयोगी' असा वाचला गेला. तो तसा वाचणे चूक आहे. रुग्ण ठरलेला वेळ, ठरलेल्या पद्धतीने, कुणाच्या तरी देखरेखीखाली हात चालवत राहिला तर हातात गेमचा रिमोट आहे की पत्त्यांचा कॅट, याने फारसा फरक पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्या घरात व्हीआर चष्मा येणार नाही, त्या घरासाठी ही चांगली बातमी आहे. पुढच्याच वर्षी कॉक्रेन संस्थेने ७२ चाचण्यांतील २ हजार ४७० पक्षाघात रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांऐवजी व्हीआर आणि गेम वापरले तर हातासाठी वेगळा फायदा दिसला नाही. नेहमीच्या उपचारांत त्यांची भर घातली, म्हणजे सरावाचा एकूण वेळ वाढवला, तेव्हा मात्र दिसला. दोन्ही निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात. मोजायचे ते यंत्र नव्हे, सरावाची मिनिटे.

हात सुधारतो, लक्ष आणि आठवण?

इथे दावे जास्त आणि आधार कमी आहे. मोबाइलवर चित्रांच्या जोड्या जुळवण्याचा खेळ महिनाभर खेळला की माणूस जोड्या जुळवण्यात तरबेज होतो, यात शंका नाही. पण तो डेअरीवरचे लिटर लक्षात ठेवू लागतो का? बहुतेक अभ्यासांत हा पूल ओलांडला जात नाही. मेंदूच्या इजेनंतरच्या बौद्धिक पुनर्वसनासाठी 'इनकॉग' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये आली. रोजच्या जगण्याशी संबंध नसलेले, संगणकावरचे लक्ष वाढवण्याचे व्यायाम पुन्हा पुन्हा करून घेण्यावर विसंबू नये, असे त्या स्पष्ट सांगतात. त्याऐवजी काम करण्याआधी थांबणे, टप्पे मोठ्याने बोलणे, झाल्यावर तपासणे अशा सवयी प्रत्यक्ष कामातच शिकवा, असा त्यांचा आग्रह आहे.

बाजाराला हे सांगायला सोयीचे नाही. 'लुमोसिटी' हे मेंदूच्या व्यायामाचे जगप्रसिद्ध अ‍ॅप. त्याच्या कंपनीने आपले खेळ पक्षाघात आणि मेंदूच्या इजेनंतरची बौद्धिक हानीही कमी करतात, असा प्रचार केला होता. पुराव्याविना असा प्रचार केल्याचा ठपका ठेवत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. अमेरिकेच्या औषध नियामकाने जून २०२० मध्ये एका व्हिडीओ गेमला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची परवानगी दिली, हेही खरे आहे आणि जाहिरातींत ते वारंवार सांगितले जाते. पण तो खेळ एडीएचडी, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी होता. अपघाताच्या रुग्णाशी त्याचा संबंध नाही.

आठवणीसाठी मोबाइल उपयोगी पडतो, पण वेगळ्याच कारणाने. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्मरण आणि नियोजन बिघडलेल्या १४३ जणांना पेजर दिले होते. ठरल्या वेळी पेजर वाजायचा आणि 'गोळी घ्या', 'डबा भरा' असा मजकूर यायचा. ८० टक्क्यांहून अधिक लोकांना रोजची कामे पार पाडायला त्याने मदत झाली. पेजर केव्हाच गेले. ते काम आज सर्वात स्वस्त मोबाइलचा गजर करतो. मोटर बंद करायची वेळ, गोळीची वेळ, धार काढायची वेळ, प्रत्येकासाठी मराठीत आवाज रेकॉर्ड केलेला गजर लावता येतो. त्यात गुण मिळत नाहीत, पातळी उघडत नाही, म्हणून त्याची कुणी जाहिरात करत नाही. पण विसरणाऱ्या माणसासाठी मोबाइलमधली ही सोय कोणत्याही खेळापेक्षा जास्त भरवशाची आहे.

धान्य निवडणे हाही उपचार

बेंगळुरूच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेत डोक्याला मार लागलेल्या रुग्णांचे लक्ष सुधारण्यासाठी गेली काही दशके जे सराव वापरले जातात, त्यांत एक आहे मिसळलेली धान्ये वेगळी करणे. दुसरा, कागदावरच्या अक्षरांतून ठरावीक अक्षर शोधून खोडणे. वेळ मोजायचा, चुका मोजायच्या, जमू लागले की मिश्रण अवघड करायचे. चांगल्या व्हिडीओ गेमची घडण याहून वेगळी नसते. फरक एवढाच की सुपातल्या ज्वारी-तुरीला चार्जिंग लागत नाही.

ईटच्या परिसरात अशा सरावांना तोटा नाही. सागरगोटे झेलण्यात डोळा आणि हात यांचा मेळ लागतो. पत्त्यांच्या डावात कुठले पान पडून गेले ते लक्षात ठेवावे लागते. सोंगट्यांच्या पटावर आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि अविचाराने वागण्याकडे झुकलेल्या रुग्णाला थांबणे हाच सर्वात मोठा धडा असतो. घरातल्या लहान पोरांबरोबर खेळायला मिळाले तर आणखी चांगले, कारण मेंदूच्या इजेनंतरचा एकटेपणा हा स्वतंत्र आजार होऊन बसतो आणि मोबाइलवरचा एकट्याचा खेळ तो वाढवूही शकतो.

त्यानंतरची पायरी खऱ्या कामाची. भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो. खव्याच्या भट्टीवर एकसारखे ढवळत राहावे लागते, क्षणभर लक्ष हटले तर दूध लागते. नुकत्या बऱ्या होणाऱ्या माणसाला थेट आगीपाशी बसवणे धोक्याचे. पण दूध मोजून वहीत लिहिणे, वहीतली बेरीज पडताळणे, मग कुणीतरी शेजारी उभे असताना थोडा वेळ ढवळणे अशी चढती पायरी लावता येते. कोणती पायरी कधी, हे ठरवायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो. मोबाइल त्याची जागा घेऊ शकत नाही.

खेळ केव्हा नकोच?

अपघातानंतरचे पहिले दोन दिवस. डोक्याला हलका मार, म्हणजे कन्कशन झालेल्या १२ ते २५ वयाच्या १२५ जणांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले ४८ तास स्क्रीन बघू दिलेल्यांना बरे व्हायला मध्यम हिशेबाने ८ दिवस लागले, स्क्रीनपासून दूर राहिलेल्यांना साडेतीन दिवस. पडून राहायला सांगितलेल्या पोराच्या हातात 'तेवढाच विरंगुळा' म्हणून मोबाइल देण्याची सवय घराघरात आहे; ती इथे नडते.

गंभीर इजेनंतर फिट येण्याचा धोका काही काळ राहतो. फिट येऊन गेली असेल तर लखलखणारे, झगमगते खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. खेळताना डोके दुखू लागले, चक्कर आली, उजेड सहन होईना, तर त्या दिवसाचा खेळ तिथेच थांबवायचा. व्हीआर चष्म्याने तर धडधाकट माणसालाही गरगरते. तोल गेलेल्या रुग्णाला तो घरी एकट्याने लावू देऊ नये.

आणि पैशांचे खेळ. कपाळामागच्या भागाला मार लागलेल्या माणसाला 'आता पुरे' म्हणणे जड जाते. त्याच्या हातात रमीचे अ‍ॅप म्हणजे खिशाला भोक. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली असली, तरी असे खेळ आडवाटेने मोबाइलवर येत राहतात. घरच्यांनी अशा रुग्णाच्या मोबाइलमधले यूपीआय काही काळ आपल्या ताब्यात ठेवले तर तो अविश्वास नव्हे. त्याला तसे नीट सांगून, त्याच्या मान्यतेने करावे, एवढेच.

खरा तुटवडा कशाचा?

खेळांचा नाही. मोबाइल घरोघरी आहेत. तुटवडा आहे तो कोणता सराव, किती वेळ, केव्हा वाढवायचा आणि केव्हा थांबवायचा हे सांगणाऱ्या माणसाचा. पुनर्वसनाची जुनी सरकारी संस्था मुंबईत हाजी अलीला आहे, १९५५ पासून. ईटच्या रुग्णासाठी मुंबई म्हणजे सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोजगार, राहण्याचा खर्च आणि आठवड्याला तीनदा करायची थेरपी महिन्यातून एकदाही न होणे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात तर निम्मे वर्ष घरात रुग्णापाशी बसायला कुणी नसते. जिल्ह्याचे नाव निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून आहे. आरोग्य हा त्या कार्यक्रमाच्या मोजमापाचा एक मोठा भाग. पण तिथेही भर माता-बालकांवर आहे, अपघातातून वाचलेल्यांवर नाही.

मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातील जखमींसाठी रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. जीव वाचवण्यासाठी ही योजना मोलाची आहे आणि ती यायला उशीरच झाला होता. परंतु मेंदूच्या इजेचे काम आठव्या दिवशी सुरू होते. त्या दिवसापासून कुटुंब आपल्या खिशावर आणि यूट्यूबवर सोडलेले असते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व नोंदले आहे, त्यांत मेंदूच्या अपघाती इजेला स्वतंत्र नाव नाही. हातपाय लुळे पडले असतील तर त्या आधारे प्रमाणपत्र मिळू शकते. फक्त आठवण आणि स्वभाव बिघडला असेल, तर कुठल्या रकान्यात बसायचे हा प्रश्न घेऊन रुग्णाला हेलपाटे मारावे लागतात.

हे बदलायला व्हीआर केंद्रांची उद्घाटने करायची गरज नाही. भूमच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस ऑक्युपेशनल थेरपिस्ट बसला आणि उरलेले दिवस 'ई-संजीवनी'सारख्या दूरध्वनी-व्हिडीओ सेवेवरून त्याने घरच्या सरावाची विचारपूस केली, तर खर्च एका चांगल्या व्हीआर संचाहून फार जास्त होणार नाही आणि उपयोग कितीतरी अधिक होईल. तो थेरपिस्ट कुणाला मोबाइलवरचा खेळ सांगेल, कुणाला सूप, कुणाला पत्ते. धाराशिवला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना घरी गेलेल्या अशा रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करायला लावले, तर जिल्ह्यात असे किती जण आहेत हा आकडा तरी हाती येईल.

तोवर कुटुंबाच्या हातात आहे ते एवढे. डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांबरोबर तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरे कार्डावर लिहून मागायची: हात, तोल, लक्ष आणि आठवण यांपैकी नेमके काय कमी पडले आहे, त्यासाठी रोज किती मिनिटे काय करायचे, आणि दुचाकी पुन्हा कधी चालवायची हे कोण ठरवणार. तिसरा प्रश्न राहून जातो. अनेक रुग्ण त्याच महिन्यात त्याच रस्त्यावर, पुन्हा हेल्मेटशिवाय दिसतात.